एका माणसाला एक उशी

सिस्टरांकडे मुक्कामाला आलेला पाहुणा दुसऱ्या दिवशी सकाळी हमखास बरा होऊन घरी जायचा. मग तो येताना आजारी असो वा नसो.

याला कारण पाहुण्यांची खोली. खोलीत एक लोखंडी खाट होती. सिस्टरांनी ज्या इस्पितळात चौतीस वर्षं काढली, त्या इस्पितळाने जुनं सामान मोडीत काढलं तेव्हा सगळ्यांनी नाकं मुरडली आणि सिस्टरांनी मात्र एक खाट हौसेने घरी आणली. पांढरा रंग दिलेली, चाकं काढलेली, पायथ्याशी तक्ता अडकवायचा आकडा अजून शाबूत असलेली. चादरीचे कोपरे पाकिटासारखे दुमडून गादीखाली असे खोचलेले असत, की पाहुण्याला आत शिरायला वाट शोधावी लागे. उशाला पाण्याचा तांब्या आणि त्यावर झाकण. पहाटे पाचला दार उघडून, दिवा लावून, सिस्टर खणखणीत आवाजात विचारायच्या, "झोप लागली ना?" लागलेली असली तरी ती तिथे संपायची.

आणि उशी एकच. हा त्यांचा कायदा होता. पुरुषांच्या वॉर्डात इन्चार्ज म्हणून अर्धं आयुष्य गेलेलं. तिथे उशांना पाय फुटतात. या खाटेवरची उशी त्या खाटेवर, तिथून बाकड्यावर, तिथून नातेवाइकाच्या पिशवीत. म्हणून एका माणसाला एक उशी. दोन दिल्या की शेजारचा तीन मागतो, असं त्यांचं ठाम मत. घरातल्या जादा उशाही कपाटात कुलूपबंद होत्या आणि प्रत्येकीच्या कोपऱ्यावर शाईने नंबर घातलेला होता. घरात माणसं दोन, उशा सात, चोर एकही नाही. पण शिस्त म्हणजे शिस्त.

"लग्नाच्या बायकोला सिस्टर म्हणणारा जगात मी एकटाच असेन," असं त्यांचे यजमान येईल त्याला सांगत. ते शाळेत चित्रकला शिकवायचे, त्यामुळे सगळे त्यांना मास्तर म्हणत. मास्तर स्वभावाने गरीब. सहाव्या नंबरची उशी ही आपली, हे त्यांनी केव्हाच मान्य करून टाकलं होतं.

पाहुणे एका रात्रीत पळाले तर सिस्टरांना त्याचं सोयरसुतक नव्हतं. उलट खोली लवकर धुऊन निघायची. पण एक पाहुणा असा होता, की तो जाऊ नये म्हणून त्यांचा जीव तुटायचा. तो म्हणजे त्यांचा थोरला भाऊ, दादा.

दादा पोस्टमन होता. आई गेली तेव्हा तो एकोणीस वर्षांचा आणि ही नऊची. त्याने तिच्या वेण्या घातल्या, वाकड्या घातल्या, पण घातल्या. तिला नर्सिंगला प्रवेश मिळाल्याचं पत्र त्याच्याच पिशवीतून आलं. तेव्हा स्वतःच्याच घरासमोर सायकल उभी करून त्याने इतका वेळ घंटी वाजवली, की गल्लीतले लोक आग लागली की काय म्हणून बाहेर आले. तीस-पस्तीस वर्षं तो दारोदार फिरला आणि निवृत्तीनंतरही बस न धरता चालत जाण्याची त्याला कोण मिजास. आता तो बहात्तरीला आला होता. दोन वर्षांपूर्वी वहिनी गेल्या. मूलबाळ नाही. दुसऱ्या गावात, तिसऱ्या मजल्यावर, एकटा. सिस्टरांची एकच इच्छा होती: दादाने महिनाभर तरी आपल्याकडे राहावं, आणि जमलं तर मग जाऊच नये.

दादा यायचा. हसायचा, हसवायचा, पोटभर जेवायचा, आणि सकाळी सिस्टर दार उघडून बघतात तो खाट रिकामी, चादर जशीच्या तशी. दादा बाहेरच्या खोलीत मास्तरांच्या वेताच्या आरामखुर्चीत, पायात मोजे, मांडीवर पिशवी, निघायच्या तयारीत.

"रात्रभर इथं बसलास?"

"बसलो कुठं, झोपलो. तुझ्या त्या खाटेवर पडलं की वाटतं, आता कोणीतरी येईल आणि सुई टोचेल."

"मग आज राहा. खालची गादी बदलते."

"नको गं चिमे. पोस्टमनाची जात. टपाल टाकायचं आणि पुढचं दार गाठायचं."

सिस्टरांना चिमे म्हणणारा आता तोच एक उरला होता. तो गेला, की त्या दिवसभर भांडी आपटायच्या. एकदा, दोनदा झालं. तिसऱ्यांदाही दादा खुर्चीतच सापडला तेव्हा मात्र मास्तरांनी तोंड उघडलं.

"सिस्टर, एक बोलू? ती पाहुण्यांची खोली आहे, वॉर्ड नाही. ती खाट काढा. चांगला पलंग घेऊ. आजकाल डोक्याकडे गादीसारखं असतं बघा, कापडाचं, टेकायला. माणसाला वाटलं पाहिजे, आपण राहायला आलोय."

एरवी या बोलण्याचा समाचार घेतला गेला असता. पण सिस्टरांनी सरळ दादाला फोन लावला. "तुझ्यासाठी पलंग घेतोय. कसा हवा सांग. नंतर नाटकं नकोत."

त्यांना वाटलं, दादा नको-नको करेल. पण दादा म्हणाला, "डोक्याकडची बाजू उंच असू दे. आणि मऊ. पाठ पूर्ण टेकता आली पाहिजे. बाकी कसाही चालेल."

"टेकून बसायला खुर्च्या असतात. पलंग झोपायला असतो."

"असू दे गं. तेवढीच हौस."

सिस्टरांनी फोन ठेवला आणि मास्तरांना म्हणाल्या, "म्हातारपणी राजेशाही थाट सुचतोय." त्यांना राग आला नव्हता. दादाने आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी मागितलं, याचाच त्यांना आनंद झाला होता.

मग दुकानं सुरू झाली. पहिल्या दुकानात टाय लावलेला एक विक्रेता पुढे आला आणि त्याने जांभळ्या मखमलीचा, बटणं खोचून खळगे पाडलेला, छताला टेकेल एवढा, पलंगाच्या डोक्याशी लावायचा हेडबोर्ड दाखवला. मास्तर दोन पावलं मागे जाऊन, एक डोळा मिटून, तो रंग बघायला लागले. सिस्टरांनी पर्समधून चष्मा काढला आणि एका खळग्यात बोट घातलं.

"हे उकळत्या पाण्याने धुता येतं?"

"मॅडम, धुवायचं नसतं. ब्रशने हलकं झटकायचं."

"या एकेका खळग्यात ढेकणांचं एकेक कुटुंब सुखाने नांदेल. आणि कोणी ओकलं तर?"

विक्रेत्याच्या चेहऱ्यावरचं हसू मावळलं. शेजारी एक नवं जोडपं पलंग बघत होतं, ते तिथून हलकेच पुढच्या दालनात गेलं.

दुसऱ्या दुकानात सिस्टरांना एक हेडबोर्ड पसंत पडला. पांढरंशुभ्र रेक्झिन, सपाट, एका फडक्यात पुसून होणारा. मास्तर म्हणाले, "यापेक्षा आपली खाट काय वाईट होती? तिला निदान आकडा तरी आहे." तिसऱ्या दुकानात दोघांचं एकमत झालं, पण तो हेडबोर्ड जेमतेम कमरेएवढा होता आणि दादाने उंच सांगितलेला. शेवटी त्या तिसऱ्या दुकानदारानेच हात जोडले. रस्त्यापलीकडच्या गल्लीत एक कारागीर बसतो, मापाप्रमाणे करून देतो, तिकडे जा, म्हणाला. तो पत्ता देताना त्याला इतकं हलकं वाटलं, की तो दोघांना दारापर्यंत सोडायला आला.

कारागिराची जागा म्हणजे एक जुनं गॅरेज होतं. भिंतीला खुर्च्यांचे सांगाडे टांगलेले, जमिनीवर कापसाचे तुकडे, कोपऱ्यात स्पंजच्या चळती. कारागीर साठीचा, किडकिडीत, ओठांत बारीक खिळ्यांची रांग धरलेला. एकेक खिळा ओठांतून काढायचा, ठोकायचा, आणि उरलेल्या फटीतून बोलायचा. सिस्टरांनी आल्या आल्या बजावलं, की खिळे तोंडात धरणं धोक्याचं आहे, त्यांनी एकाचा एक्स-रे स्वतः बघितलाय. कारागिराने मान डोलावली आणि आणखी दोन खिळे तोंडात टाकले.

"निजणार कोण?" त्याने विचारलं.

"माझा भाऊ. उंची पाच फूट नऊ."

"उंचीचं काय करू? मला पाठ पाहिजे. त्यांना घेऊन या."

"तो दुसऱ्या गावाला असतो. तुम्ही अंदाजाने करा की."

"लोक हेडबोर्ड उभ्याने पसंत करतात आणि वापरतात बसून. मग महिन्याभराने माझ्या नावाने बोटं मोडतात. मी टेकवून बघितल्याशिवाय कापड फाडत नाही. भाऊ आणा, मग बोलू."

सिस्टरांना शिस्तीचा माणूस भेटला की बरं वाटे. त्यांनी तिथूनच दादाला फोन केला, आणि नवल म्हणजे दादा दोन दिवसांत आलाही. सकाळच्या बसने आला, संध्याकाळच्या बसने जाणार होता. बस थांब्यापासून घरापर्यंतच्या एवढ्याशा रस्त्यात तो दोनदा थांबला. एकदा एका घराची पत्रपेटी चुकीच्या उंचीवर लावलीय हे दाखवायला, आणि एकदा दुकानाची पाटी वाचायला. मास्तरांनीही पाटी वाचली. त्यात वाचण्यासारखं काही नव्हतं.

कारागिराने जमिनीवर फळ्यांची बैठक केली होती, वर गादी, मागे भिंतीला प्लायवुडची कोरी फळी. त्यावर पातळ स्पंज लावलेला. दादा बसला, मागे टेकला, आणि त्याने डोळे मिटून असा उसासा सोडला, की मास्तरांना हसू आलं.

"काय सुख आहे! कारागीर, मी इथंच राहू का? भाडं देईन."

कारागिराने खडूने डोक्याच्या मागे एक खूण केली, खांद्याशी एक. "वाचता ना टेकून? पुस्तक धरून दाखवा. बरं. आता आडवे व्हा."

"आडवा कशाला? माप झालं की."

"स्पंज किती खालपर्यंत न्यायचा ते उशीवर डोकं ठेवल्यावर कळतं. फट राहिली तर उशी मागे घसरते. व्हा आडवे."

"अहो, पोस्टात असताना दुपारी आडवा झालो असतो तर निम्म्या शहराची लग्नं राहिली असती. दुपारचं निजणं आपल्या कुंडलीतच नाही."

सिस्टर आणि मास्तर पलीकडे कापडाचे नमुने चाळत होते. सिस्टरांचं लक्ष नव्हतं. दादाच्या कोट्या त्या लहानपणापासून अर्ध्या कानाने ऐकत आल्या होत्या. पण कारागीर पेटला होता. त्याने एक उशी आणून टाकली आणि खांद्यावर हात ठेवून दादाला निजवलंच. "हलू नका. एक मिनिट फक्त."

मिनिट झालंच नाही. सिस्टरांच्या हातात राखाडी कापडाचा नमुना होता आणि पाठीमागून खोकल्याची एक ढास आली. कोरडी, आखूड, मागोमाग दुसरी. त्यांनी वळून बघितलं. दादा उठून बसला होता. दोन्ही हात गुडघ्यांवर, खांदे वर ओढलेले, तोंड किंचित उघडं, मानेच्या शिरा ताठ. आणि तशातही तो हसत होता. "उशीला तेलाचा वास येतो हो कारागीर, ठसका लागला."

आडवं झालं की दम कोंडणाऱ्या माणसांचं ते बसणं सिस्टरांनी हजार वेळा बघितलं होतं. रांगेतल्या नवव्या खाटेवर, अठराव्या खाटेवर, दाराशी टाकलेल्या जादा खाटेवर. फक्त आपल्या घरातल्या आरामखुर्चीत बघितलं नव्हतं, कारण तिथे त्यांना दिसत होता तो दादा, पेशंट नव्हता.

त्या त्याच्याजवळ जाऊन बसल्या आणि त्यांनी त्याचं मनगट धरलं. नाडी मोजतोय असं दाखवायचं आणि डोळ्यांनी श्वास मोजायचे, ही नर्सेसची जुनी युक्ती. श्वास मोजतोय हे कळलं की माणूस मुद्दाम सावकाश घ्यायला लागतो. मिनिटाला अठ्ठावीस भरले, जवळजवळ दुप्पट. मनगट न सोडता त्यांनी विचारलं, "दादा, घरी झोपताना किती उशा घेतोस?"

दादा कारागिराच्या खडूच्या खुणांकडे बघायला लागला.

"किती?"

"तीन." मग धरलेल्या मनगटाकडे बघत, "चार. तुझ्या वहिनीच्या दोन धरून."

"आणि त्या पुरत नाहीत तेव्हा?"

"खुर्ची आहे की."

सिस्टरांनी वाकून त्याचा मोजा खाली सरकवला. उन्हाळ्यातसुद्धा न निघणारे ते मोजे, सवय म्हणून, थंडी वाजते म्हणून. त्यांनी नडगीवर अंगठा दाबला आणि उचलला. सुजेत खळगा तसाच राहिला, भरून येईना. कारागिरानेही तो बघितला. "स्पंज असा दबून राहिला तर आम्ही बदलून टाकतो," तो बोलून गेला, आणि मास्तरांनी त्याच्याकडे जन्मात कोणाकडे बघितलं नसेल असं बघितलं.

"कधीपासून?"

"पावसाळ्यापासून असेल. चिमे, काही नाही गं. वयाचं आहे."

"मला सांगितलं का नाहीस?"

दादाने मोजा वर ओढला. आता तो हसत नव्हता. "तुला सांगितलं असतं तर तू उचलून इस्पितळात नेलं असतंस. तुझ्या वहिनीला नेलं तेव्हा मीच तिची पिशवी भरली होती. दोन दिवसांत आणतो म्हणालो होतो. पिशवी तेवढी परत आली. मी नाही जाणार तिथं."

सिस्टरांना फार वाईट वाटलं आणि त्याच वेळी संतापही आला. दोन्ही एकदम झालं, की त्या नेहमी रागावूनच बोलायच्या. "तिकडे मी चौतीस वर्षं रोज जात होते आणि रोज परत येत होते. आजही येईन, आणि येताना तुला घेऊन येईन. ऊठ. आणि एक जरी कोटी केलीस तर याद राख."

कारागिराने ओठांतले सगळे खिळे हातावर काढले आणि तो रस्त्यावर गाडी थांबवायला धावला.

इस्पितळात सिस्टरांना अडवणारं कोणी नव्हतं. पण आत गेल्यावर त्यांना पहिल्यांदाच कळलं, की बाकड्यावर बसून वाट बघणं किती अवघड असतं. इतकी वर्षं त्या लोकांना "बसा, सांगतो" म्हणत आल्या होत्या. आता मास्तर शेजारी बसून भिंतीवरचा रंग बघत होते आणि सिस्टर आपल्या हाताकडे बघत होत्या. काखेत कळसा आणि गावाला वळसा, ही म्हण त्यांनी किती शिकाऊ पोरींना ऐकवली असेल. हजारो अनोळखी माणसांना विचारलेला प्रश्न त्यांनी सख्ख्या भावाला विचारला नव्हता. नुसतं तेवढंच नाही. तो दर वेळी त्यांच्या घरी आला, आडवं होता येईना, आणि त्याच्यासाठी खाटेवर एक उशी होती. बाकीच्या चार कुलपात होत्या. त्याने मागितल्याही असतील. एकदा त्याने खरंच मागितली होती, आता त्यांना आठवलं. "मान आखडेल, एकच बरी," असं त्या म्हणाल्या होत्या आणि दिवा मालवला होता.

हृदयाचे डॉक्टर एकेकाळी सिस्टरांच्याच वॉर्डात शिकाऊ म्हणून होते. सुई टोचताना त्यांचे हात थरथरायचे आणि सिस्टर मागे उभ्या राहून म्हणायच्या, "सुई तुम्हाला नाही टोचायची, घाबरता कशाला?" आता त्यांचे केस पांढरे झाले होते. दादाला तपासायला आत घेण्याआधी त्यांनी वही उघडली आणि अगदी सवयीने विचारलं, "सिस्टर, उशा किती लागतात?" मग ते थोडे लाजले. "तुम्हीच शिकवलंत. हे न विचारता पेशंटजवळून हललो म्हणून सगळ्यांसमोर झापलं होतंत."

"स्वतःच्या घरी चार लागतात," सिस्टर म्हणाल्या. "माझ्या घरी मी एकच देत होते."

डॉक्टरांनी लिहायचं थांबवून त्यांच्याकडे बघितलं. पण काही बोलले नाहीत, आणि त्याबद्दल सिस्टर त्यांच्या कायमच्या ऋणी राहिल्या.

दोन तास लागले. रक्त, फोटो, छातीवर यंत्र फिरवून बघणं. मास्तरांनी तीनदा चहा आणला आणि तिन्ही वेळा तो स्वतःच प्यायला. मग डॉक्टर बाहेर आले. ते चालत येताना सिस्टरांनी त्यांच्या खांद्यांकडे बघितलं. वाईट बातमी आणणारा डॉक्टर खांदे पाडून येतो, हे त्यांना माहीत होतं. याचे खांदे जागेवर होते.

"ब्लड प्रेशर कित्येक वर्षं वाढलेलं असणार, यांनी कधी मोजलंच नाही. हृदय दमलंय आणि फुप्फुसात पाणी साचलंय. पण हाताबाहेर गेलेलं नाही. चार-सहा दिवस ठेवू, पाणी काढू, औषधं बसवू. मग मीठ कमी, गोळ्या चुकवायच्या नाहीत, आणि रोज सकाळी वजन करायचं, वाढलं की मला फोन. रोज वजन बघायला घरात कोणी शिस्तीचं माणूस आहे का?" हे शेवटचं त्यांनी मास्तरांकडे बघून विचारलं.

मास्तर मोठ्याने हसले. सिस्टरांचा जीव भांड्यात पडला, आणि मग त्या रडल्या. चौतीस वर्षांत त्या व्हरांड्यात त्यांना रडताना कोणी बघितलं नव्हतं, त्यामुळे एक वॉर्डबॉय घाबरून खुर्ची घेऊन आला.

सहाव्या दिवशी त्या म्हटल्याप्रमाणे दादाला घेऊन घरी आल्या. पिशवी दादाने स्वतः धरली होती, दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही. गाडीतून उतरताना त्याने इस्पितळाच्या दिशेने एकदा वळून बघितलं. "परत आलो की गं," तो म्हणाला. "सोडतात म्हणजे."

पाहुण्यांच्या खोलीत नवा पलंग लागला होता. मास्तरांनी या सहा दिवसांत कारागिराकडे रोज फेरी मारली होती. लोखंडी खाट गेली होती. तिचा आकडा तेवढा सिस्टरांनी काढून ठेवला आणि त्यावर वजनाचा तक्ता कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला अडकवला, बाहेरून दिसू नये म्हणून. हेडबोर्ड मात्र बघण्यासारखा झाला होता. उंच, भरदार, मऊ राखाडी कापडाचा. बटणं नाहीत, खळगे नाहीत. कापडाला मागून चेन, म्हणजे काढून धुता येईल. मास्तरांच्या हट्टाखातर कडेने मोरपंखी गोट. दादाच्या पाठीच्या मापाने, खडूच्या खुणांबरहुकूम. आणि पलंगावर उशा चार.

सिस्टरांनी कपाटाची किल्ली दादाच्या हातात ठेवली. "आणखी हवी तर घे. मला विचारायचं नाही."

"नंबर लिहून सही करू का?"

"दादा."

"बरं, बरं."

पहाटे पाचला सिस्टरांना जाग आली. त्या दाराशी गेल्या, दिव्याच्या बटणाला हात लावला, आणि मागे घेतला. त्या दिवशी तो दिवा लागला नाही, आणि नंतरही कधी लागला नाही. वजन सात वाजता व्हायला लागलं.

महिना झाला. दादा बसचं वेळापत्रक विचारायचा विसरून गेला, किंवा विसरलो म्हणायचा. एका दुपारी कारागीर आला. काम दिल्यावर महिन्याने जाऊन बघायचं, स्पंज बसला असेल तर ताणून द्यायचा, ही त्याची पद्धत. तो आला तेव्हा दादा आणि मास्तर कोपऱ्यावरच्या पत्रपेटीपर्यंत चालायला गेले होते. कारागीर थेट पाहुण्यांच्या खोलीत गेला. त्याने हेडबोर्डवरून तळवा फिरवला. वरपासून खालपर्यंत, मग आडवा. मग वाकून उजेडात कापडाकडे बघितलं.

"बाई, हे काय?" तो दुखावल्या आवाजात म्हणाला. "जिथं डोकं टेकायचं, तिथं खळगा पडायला पाहिजे. महिन्यात नक्की पडतो. हा तर जसाच्या तसा. कोणी टेकलंच नाही का?"

सिस्टरांनी पलंगाकडे बघितलं. मधोमध एक उशी होती, डोक्याच्या आकाराची दबलेली. बाकीच्या तीन उशा पंधरवड्यापूर्वीच दादाने खुर्चीवर नीट रचून ठेवल्या होत्या. वर कपाटाची किल्ली.

"नाही टेकलं," त्या म्हणाल्या. "आडवा झोपतो तो आता. एका उशीवर. दुपारी सुद्धा."

"मग माझी मेहनत फुकट गेली म्हणायची."

"फुकट गेली हो," सिस्टर म्हणाल्या आणि त्यांनी डोळ्यांना पदर लावला. "पार फुकट गेली. बसा, चहा टाकते."